ओळीच्या शेवटी

विनारने स्वल्पविराम पुसला, त्या जागी पूर्णविराम टाकला, फाइल जतन केली आणि खुर्ची मागे रेटून ती पडद्याकडे पाहत राहिली. दोनशे चौदा ओळींपैकी एकच ओळ रंगली होती. व्हायला हवं तेच झालं होतं, आणि तीच अडचण होती. सकाळपासूनचा हा दहावा प्रयत्न.

"नाही ना होत?" शेजारच्या टेबलावरून दामारने विचारलं. तो कागदातलं सोयाबीनचं तळलेलं तेम्पे मिरचीबरोबर खात होता. "मग लिहून टाक, 'आमच्याकडे असं आढळत नाही', आणि मिटव तक्रार. स्वतःची चूक झाकायला लोकांना कुणीतरी लागतंच."

"खोटं बोलायचं असतं तर बाईने एवढं पाल्हाळ लावलं नसतं."

"खोटं बोलणारेच पाल्हाळ लावतात."

तक्रार फ्लोरेस बेटावरच्या एका शिक्षिकेची होती. ती आणि तिचा सहकारी मिळून शाळेसाठी काहीतरी लिहीत होते आणि त्यासाठी 'जेजाक' वापरत होते. जेजाक हा सालातिगा शहरातल्या या भाड्याच्या घरात बसणाऱ्या डझनभर माणसांच्या कंपनीचा एकुलता एक माल. अनेकांनी मिळून एकच फाइल लिहायची असली, की कोणी, कधी, कुठली ओळ बदलली याची नोंद जेजाक ठेवायचा आणि प्रत्येक ओळीशेजारी ती लिहिणाऱ्याचं नाव दाखवायचा. शिक्षिकेचं म्हणणं असं, की मी फक्त एक स्वल्पविराम सुधारला, पण तुमचा पडदा सांगतो की सगळी फाइल मीच नव्याने लिहिली. सहकाऱ्याला वाटतंय, मी त्याचं काम पुसून त्यावर माझं नाव लावलं. तीन दिवस तो माझ्याशी बोललेला नाही. कृपया लवकर पाहावे.

विनार गेली सहा वर्षं या कंपनीत चुका शोधायचं काम करत होती. दुसऱ्याच्या यंत्रावर झालेली चूक आपल्या यंत्रावर जशीच्या तशी घडवून दाखवता आली पाहिजे, हा तिचा हट्ट होता. घडली, की निम्मं काम झालं. घडली नाही, तर ती जेवताना मुकी होई, आणि दामार तिच्या ताटातली कोंबडी निवांत उचलून घेई.

जेवणानंतर तिने शिक्षिकेने पाठवलेलं पडद्याचं चित्र मोठं करून पाहिलं. खालच्या कोपऱ्यात बारीक आकड्यांत फाइलचा आकार होता. पाच हजार सव्वीस. तिच्या यंत्रावर तीच फाइल चार हजार आठशे बाराची भरत होती. मजकूर तर अक्षर न अक्षर सारखा. तिने पाठकोऱ्या कागदावर वजाबाकी केली. दोनशे चौदा.

फाइलमध्ये ओळी किती? दोनशे चौदा.

"दामार, ओळ संपली हे यंत्राला कसं कळतं रे?"

"शेवटी खूण असते. आपल्याला दिसत नाही."

"एकच?"

"काही यंत्रं एक घालतात, काही दोन. फार जुनं भांडण आहे ते. आपण केव्हाच निस्तरलंय. नोंद करताना जेजाक जास्तीची खूण काढून टाकतो."

"नोंद करताना काढतो. आणि दाखवताना?"

दामारने तेम्पेचा कागद चुरगळला आणि हातातच धरून ठेवला.

दोन खुणा घालणारं यंत्र आता कंपनीत कुणाकडे नव्हतं. एक जुनं होतं, ते जिन्याखालच्या अडगळीत, रिकाम्या खोक्यांच्या मागे. विनारने ते दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि आपल्या टेबलावर मांडलं. कडेला चिकटवलेल्या पट्टीवर देखण्या तिरप्या अक्षरांत नाव होतं. सुबाग्यो. पट्टीवरून फडकं फिरवताना तिने फारसा विचार केला नाही. तिचं सगळं लक्ष दोनशे चौदावर होतं.

यंत्र सुरू व्हायला चांगली पाच मिनिटं लागली. तिने फाइल उघडली, एका ओळीतला स्वल्पविराम बदलला, जतन केली, धाडून दिली आणि आपल्या नेहमीच्या पडद्याकडे वळली.

पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला होता. दोनशे चौदा ओळी, आणि प्रत्येकीशेजारी तिचंच पूर्ण नाव, विनारसिह.

दामार उठून आला आणि हलकेच शीळ घालून म्हणाला, "घ्या. पोटात एक आणि ओठांवर एक. नोंद बरोबर ठेवतो आणि दाखवतो भलतंच. बाईची माफी मागायला हवी."

"तूच माग. खोटारडी तू म्हणालास तिला."

ती हसत होती. सहा वर्षांत अशी पकड दोन-तीनदाच बसली असेल. तिने अहवाल लिहायला घेतला. पायरी पहिली, ओळीच्या शेवटी दोन खुणा घालणारं यंत्र घ्यावं. पायरी दुसरी, त्यावर कोणतीही जुनी फाइल उघडून एकच ओळ बदलावी. पायरी तिसरी, ती धाडून दुसऱ्या यंत्रावर पाहावी. सर्व ओळी शेवटच्या माणसाच्या नावावर दिसतील, त्याने त्या लिहिलेल्या नसल्या तरी.

शेवटचं वाक्य लिहून झालं आणि तिची बोटं कळफलकावरच थांबली. नजर शेजारच्या पट्टीवरच्या तिरप्या अक्षरांवर गेली.

आठ महिने झाले होते त्या गोष्टीला. जेजाकमध्ये एक साफसफाईची फाइल होती. कुठल्या जुन्या प्रती महिन्याभराने काढून टाकायच्या, त्यांची ती यादी. एकशे साठ ओळींची. त्यातल्या एका ओळीत एक फुली जास्त पडली, आणि त्या फुलीचा अर्थ होता, 'यातलं सगळं'. पूर्वेकडच्या एका कॉलेजातल्या एकोणीस मुलांनी तीन महिने समुद्रावर जाऊन टिपलेलं सगळं एका दिवसात पुसलं गेलं. थोडं परत मिळालं, बरंचसं गेलं. सोमवारच्या बैठकीत मालकीणबाई रेत्नानिंग, ज्यांना सगळे आदराने 'बू' म्हणत, एवढंच म्हणाल्या होत्या, "ओळ कोणाची ते बघा."

विनारनेच ते भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं होतं. एकशे साठ ओळी, एकशे साठदा सुबाग्यो.

पाक सुबाग्यो तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. कंपनीत सगळ्यांत वडील, म्हणून सगळे त्यांना मानाने 'पाक' म्हणत. डोळ्यांना सवयीचं म्हणून घरून आणलेल्या त्या जुन्या यंत्रावरच काम करायचे. ते उभे राहून म्हणाले, "मी फक्त एका शब्दाचं शुद्धलेखन सुधारलं होतं. नवव्या ओळीत."

त्यावर विनारने काय म्हटलं, ते तिला आत्ता शब्दन् शब्द आठवलं. "पाक, एकशे साठच्या एकशे साठ ओळींवर तुमचं नाव आहे. मग बाकीच्या काय भूत येऊन लिहून गेलं?"

पाक सुबाग्यो सोडून खोलीत तिच्यासकट अकरा माणसं होती. सगळी हसली होती. बू रेत्नानिंगसुद्धा तोंडावर हात धरून. पाक सुबाग्योंनी कुणाकडेच पाहिलं नाही. ते म्हणाले, "मग झालं असेल माझ्याकडून. माफ करा." महिन्याअखेरीस त्यांनी राजीनामा दिला आणि यंत्र इथेच ठेवून गेले.

विनारने साफसफाईची फाइल उघडली. पाक सुबाग्योंनी हात लावण्याच्या एक दिवस आधीची प्रत पाहायची होती, बस. त्यासाठी जेजाक दुरुस्त होण्याची गरज नव्हती, कसली हुशारीही लागत नव्हती. तीन मिनिटांचं काम, जे त्या दिवशी तिने केलं नव्हतं. अठ्ठ्याऐंशीव्या ओळीत ती जास्तीची फुली तेव्हाही होती. शेजारी नाव होतं विनारसिह. तारीख तिच्या भावाच्या लग्नाच्या आदल्या दिवसाची, ज्या दिवशी ती दुपारीच घाईने निघून गेली होती.

तिने पडदा मिटवला. दामारने काहीतरी विचारलं, ते तिला ऐकू आलं नाही. ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला, आणि तोंड न धुता पाण्याकडे बघत उभी राहिली.

बू रेत्नानिंगनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या टेबलावर शेंगदाण्याच्या वड्यांचा पुडा होता, तो त्यांनी विनारपुढे सरकवला. विनारने घेतली नाही.

"चूक सापडली हे उत्तम झालं," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात दुरुस्ती देऊ. 'दाखवण्यातला किरकोळ दोष दूर केला', असं लिही."

"आणि पाक सुबाग्यो?"

"त्यांना काढलं कोणी होतं? स्वतःहून गेले ते."

"बू, ओळ माझी होती."

"ऐकलं मी." त्यांनी पुड्याची पिन बोटाने सरळ केली. "बघ, कॉलेजवाल्यांना आपण सांगून बसलोय की संबंधित माणूस आता कंपनीत नाही. ते पुन्हा उकरायचं? पुढच्या महिन्यापासून तपासणीचं सगळं काम तुझ्या हाताखाली देणार आहे मी. नावं नकोत, विनार. तुझंही नको, त्यांचंही नको. तुला अगदीच राहवत नसेल तर घरी जाऊन ये त्यांच्या. चहा पी, बोल. आपल्या-आपल्यात."

विनार मान हलवून बाहेर आली. हा सल्ला ऐकून आपल्याला बरं वाटलं, हे तिला जिना उतरताना कळलं.

शनिवारी सकाळी ती मिनीबसने पाक सुबाग्योंच्या गावी, बान्यूबिरूला उतरली आणि विचारत विचारत तळ्याकाठच्या घरापर्यंत गेली. हातात केळ्यांची फणी आणि पिशवीत लॅपटॉप. अंगणभर जलपर्णीचे देठ वाळत पसरले होते. पाक सुबाग्यो ओट्यावर बसून वाळलेले देठ जाडीप्रमाणे निवडत होते. ते स्वतःही वाळले होते, आणि केस फार पांढरे झाले होते. कडेला छपराखाली एक मोटारसायकल प्लॅस्टिकने झाकून उभी होती, दोन्ही चाकं बसलेली.

"म्बाक विनार," ते लगेच म्हणाले, ऑफिसातल्यासारखं नावाला 'म्बाक', म्हणजे ताई, लावून. मग जरा थांबून, जणू खात्री करून घेत, "विनारच ना?"

"हो, पाक."

"बस, बस. पार्ती, पाहुणी आलीय. चहा टाक." देठांचा ढीग बाजूला सारून त्यांनी तिला जागा केली. "टोपल्या विणते ही. मी निवडून देतो. यात चुकायला काही नाही. जाड इकडे, बारीक तिकडे."

ती बोलू लागली की ते दुसरंच काहीतरी विचारत. तिची आई कशी आहे, ऑफिससमोरचा चिखल गेला का, दामारचं लग्न ठरलं का. चहा आला, बू पार्ती आत गेल्या. शेवटी तिने चहा न पिताच लॅपटॉप उघडला आणि गुडघ्यांवर धरून सांगायला सुरुवात केली. दोन खुणा, एक खूण, नोंद बरोबर, दाखवणं चूक. बसमध्ये तिने हे मनाशी नीट जुळवून ठेवलं होतं. तोंडातून मात्र तुकडे तुकडे बाहेर पडले.

पाक सुबाग्यो हातातला देठ तसाच धरून ऐकत होते.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "त्या ओळी मी लिहिल्या नव्हत्या."

"नाही, पाक. एकच. नववी."

"नववी. तेवढी आठवत होती मला." त्यांनी देठ खाली ठेवला. "नक्की ना? पुन्हा पाहिलंस?"

"तीनदा पाहिलं."

ते तळ्याकडे वळले आणि अगदी साध्या आवाजात बोलू लागले.  

"मी घरी येऊन फार आठवून पाहिलं, म्बाक. रोज. एकशे साठ ओळी लिहिल्या आणि एकही आठवत नाही, असं कसं? म्हटलं, यंत्र खोटं कशाला बोलेल, त्याचं माझ्याशी काय वैर? म्हणजे हातून झालंय आणि डोक्यातून गेलंय. माझ्या वडिलांचं तसंच झालं होतं. शेवटी शेवटी मलाच माझं नाव विचारायचे. सेमारांगच्या मोठ्या इस्पितळात जाऊन डोक्याची चित्रं काढून आणली. डॉक्टर म्हणाला, काही दिसत नाही. मी म्हटलं, आता दिसत नसेल, पण आहे." ते किंचित हसले. "मोटारसायकल सोडली. वाटेत विसरलो आणि कुणाच्या अंगावर घातली, तर? मशिदीत मुलांना शिकवायचो, ते सोडलं. म्हटलं, चुकीचं शिकवून बसायचो."

विनारच्या गुडघ्यांवरचा पडदा काळा झाला होता. तिने तो पुन्हा उजळला नाही.

"आठ महिने," दारातून बू पार्ती म्हणाल्या. त्या केव्हापासून तिथे उभ्या होत्या, कुणास ठाऊक. "रात्री उठून बघते मी, हे आहेत ना जागेवर, चूल विझलीय ना."

"ऐकलंस ना तू?" पाक सुबाग्यो वळून म्हणाले. चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. "डोकं ठीक आहे माझं. या मुलीने शोधून काढलं. शनिवार मोडून सांगायला आली, बघ." आणि त्यांनी विनारचा हात दोन्ही हातांत घेतला. "देव तुझं भलं करो, बाळ."

ती हात सोडवून घेऊ शकेना.

"ती फुली ज्या कोणाची होती," ते म्हणाले, "त्याचं नाव सांगू नकोस मला. मला नको कळायला. हे असं दुसऱ्या कुणावर यायला नको."

बू रेत्नानिंगनी ज्याला आपल्या-आपल्यात म्हटलं होतं, ते इथेच पूर्ण होत होतं. केळी दिली, चहा झाला, आशीर्वादही मिळाला. आता उठायचं आणि दुपारची बस धरायची.

"माझी होती, पाक," ती म्हणाली. "ती ओळ माझी होती."

त्यांनी तिचा हात लगेच सोडला नाही. सोडला, तो बऱ्याच वेळाने, आणि अलगद खाली ठेवला, मघाशी देठ ठेवला होता तसा. बू पार्ती आत निघून गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात मोटारसायकलची किल्ली होती. विनारकडे न पाहता त्यांनी ती नवऱ्यापुढे धरली.

"पाहुणीला बसपर्यंत सोडून या," त्या म्हणाल्या.

पाक सुबाग्योंनी प्लॅस्टिक काढलं, पंप आणून चाकांत हवा भरली, आरसा बाहीने पुसला. तिने मदतीला हात पुढे केला, तो त्यांना दिसला नाही, किंवा दिसला असेल. गाडी नवव्या-दहाव्या किकला सुरू झाली. विनार मागे बसली, कडी धरून, त्यांना धक्का लागणार नाही अशी.

वाटेत ते बोलले नाहीत. गाडी मात्र सुंदर चालवली. खड्डे आधीच ओळखत होते, वळणावर वेग कमी करत होते, पुलाजवळ बदकं आडवी आली तेव्हा पाय टेकून शेवटचं बदक जाईपर्यंत थांबले. हमरस्त्यावर आल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. ती उतरली.

"पाक, मी त्या दिवशी जे बोलले," तिने सुरुवात केली.

"मला आठवतं," ते म्हणाले. "माझी स्मरणशक्ती चांगली आहे." त्यांनी शिरस्त्राण काढून टाकीवर ठेवलं. "सोमवारची बैठक अजून असते?"

"असते."

"किती वाजता?"

"नऊला."

"त्याच खोलीत?"

"हो."

त्यांनी मान हलवली. आवाजात राग नव्हता. आठ महिन्यांपूर्वी नवव्या ओळीबद्दल सांगताना असाच आवाज होता.

"नऊला येईन मी. आज ओट्यावर दाखवलंस ना, ते तिथे भिंतीवर लाव. मागे बसेन कुठेतरी."

"बूंनी सांगितलंय की," ती म्हणाली, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पाक सुबाग्यो वाट पाहत थांबले होते, अगदी सभ्यपणे. मग त्यांनी शिरस्त्राण पुन्हा घातलं, पट्टा लावला, पहिल्याच किकला गाडी सुरू केली आणि रस्ता दोन्ही बाजूंनी नीट पाहून वळवली. घराकडे नाही. बाजाराच्या दिशेने गेले.

सालातिगाची मिनीबस येऊन थांबली. दारात लोंबकळणाऱ्या कंडक्टरने तिला विचारलं, येताय का. तिने मान हलवली, पण पाय उचलला नाही. त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.